शेवटच्या डब्याचा दिवा

नळ येतो पावणेपाचला.
रामेश्वरीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांनाच येतो,
पण धार गच्चीवरच्या टाकीत पडायची
तर कुणाला तरी वर उभं राहून
पाइपाची मान धरावी लागते.
मे महिन्यात ते काम माझं.
खाली कूलर रात्रभर पाणी पिऊन
कोरडा खडखडत असतो,
वर सिमेंटमध्ये अजून कालचं ऊन.

पलीकडच्या गच्चीवर धकातेबाबा.
छोट्या लायनीवर केबिनमध्ये नोकरी,
लिव्हर ओढून ओढून
एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली.
लाईन उखडली तेव्हापासून मान वर.
मांडीवर जुनं रजिस्टर,
हातात बॅटरी, काचेवर
लाल पतंगाचा कागद चिकटवलेला.

"वयनी, थो पा. डाऊन."

मला आधी काहीच दिसत नाही.
मग दिसतो,
लुकलुकत नाही, घाई करत नाही,
कोराडीच्या धुरांड्यांकडून बुटीबोरीकडे
आपलं काम आहे म्हणून निघालेला.
वाडीकडून पारडीकडे जाणारे वेगळ्या पानावर.
आमच्या टाकीच्या बरोबर वर
दोन्ही रस्ते एकमेकांना कापतात.
"डायमंड क्रॉसिंग हाय हे," बाबा म्हणतात,
"अन् केबिनमंधी कोनीच नाई."

संध्याकाळचे अर्ध्यातच विझतात.
पृथ्वीची सावली, मी शाळेतलं सांगते.
"बोगदा," ते दुरुस्त करतात.
त्यांच्या सबंध लायनीवर एक बोगदा नव्हता,
नुसतं सपाट रान आणि मोहाची झाडं.
हौस राहून गेलेली दिसते.
पहाटेचे उलट.
ते कुठूनच येत नाहीत.
आभाळाच्या मधोमध एकदम पेटतात
आणि उजाडायच्या बाजूला चालू पडतात.

एक कधीमधी येतो, विझत-पेटत, कोलांट्या खात.
"इंजिन फेल. पन उतार लागला हाय त्याले."

एकदा तर अख्खी माळ आली,
एकामागे एक, सारख्या अंतरावर, बिनआवाजाची.
मी मोजले एकोणीस, त्यांनी एकवीस.
पेन तसंच हातात.
"लिवू कसं? शेवटच्या डब्याले लाल दिवा नाई.
थो दिसल्याबिगर गाडी पुरी गेली म्हनता येत नाई, वयनी.
अर्धी मांगं सुटली असंन तं?"
त्या पानावर वेळ आहे.
पुढची जागा कोरी.

मग त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
डावा आधीपासून नावालाच.
खुर्ची तिथेच, रजिस्टर तिथेच,
डोळ्यावर हिरवी पट्टी.
"तुमी सांगा. मी लिवतो."
चार पहाटा सांगितलं.
पाचव्या दिवशी धूळ होती,
आभाळ न घासलेल्या परातीसारखं.
एकही नाही. नळसुद्धा नाही.
ते मान वर करून बसलेले,
गाडी यायच्या आधी फाटकवाला उभा राहतो तसे,
आणि मला ते बघवेना.

"आला," मी म्हटलं. "पारडीकडे. जोरात."

"टाइम?"

"चार बावन्न."

चाचपडत लिहिलं, अक्षरं रेघेच्या खाली घसरली.
मग विचारलं,
"शेवटी दिवा होता?"

पाइप फुरफुरला. आधी हवा,
मग गंजाचा एक घोट,
मग पाणी.

"होता," मी म्हटलं. "लाल."

ते काही बोलले नाहीत.
टाकी भरून वाहायला लागली,
मी खाली पळाले कॉक बंद करायला.

पट्टी निघाली त्या आठवड्यात
रजिस्टर कठड्यावर उघडं पडलं होतं.
चार बावन्न. पारडी.
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
तिरक्या, घसरलेल्या अक्षरांत:
टाइमटेबलात नाही. जाऊ दिली.